मदत हवी आहे: डिंगलला मे महिन्यात जावं की दिवाळीच्या सुट्टीत? (तातडीचं)

पळापळ
नमस्कार मंडळी. डिंगलला मे मध्ये जावं की दिवाळीच्या सुट्टीत? तीन दिवस नेटवर वाचून डोकं फिरलंय. एक म्हणतो बारा महिने पाऊस, दुसरा म्हणतो बारा महिने स्वर्ग. मे चं तिकीट माणशी अठरा हजारांनी महाग पडतंय. एजंटने भाव आज रात्री बारापर्यंत धरून ठेवलाय. 'दोन्ही वेळा छानच असतं' हे उत्तर कृपया नको.

चहाबाज
डिंगल म्हणजे आयर्लंडमधलं का? कुठून निघताय, किती जण, किती दिवस, गाडी चालवणार का? काहीच लिहिलेलं नाही.

पळापळ
आयर्लंडचंच हो, केरी काउंटी. दुसरं कुठलं असतं? चौघं आहोत.

फिरस्ता_नं_१
डिंगल कशाला? आयर्लंडमधल्याच गॉलवे शहरात जा. गाणंबजावणं, समुद्र, खाणं, सगळं एका जागी. आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जाणार.

लीवरची_सई
मी अकरा वर्षं आयर्लंडमध्येच, कॉर्क शहरात आहे, डिंगलला सात-आठ वेळा तरी गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते. पाऊस बारा महिने हे खरंच आहे. त्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे मुंबईत चार महिन्यांत पडतो त्याहून कमीच, पण तो दोनशेहून जास्त दिवसांत वाटून पडतो. धो धो नाही, चाळणीतून गाळल्यासारखा. त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल, मे, जून. ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात ओले.
थंडीचं म्हणाल तर फार फरक नाही. जुलै-ऑगस्टची सरासरी पंधरा-सोळा अंश, जानेवारीची सात. समुद्राचा उबदार प्रवाह आहे, त्यामुळे बर्फ क्वचितच. खरा फरक उजेडाचा. मे अखेरीला पावणेदहापर्यंत ऊन रेंगाळतं. दिवाळी नोव्हेंबरात आली तर पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. अठरा हजार वाचवून रोज पाच तास हॉटेलात बसायचं का, हा हिशोब तुम्हीच करा.

चहाबाज
+१. सईताईंचा प्रतिसाद वाचून धागा बंद करायला हरकत नाही.

वाऱ्यावरची_काकू
मला पटलं नाही. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि फसलो. डिंगलजवळचा स्ली हेडचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. आम्ही उलट्या दिशेने शिरलो, समोरून टुरिस्ट बस. यांना दोनशे फूट तरी रिव्हर्स घ्यावी लागली. मागे मेंढ्या. माझा रामरक्षेचा पाठ झाला दोनदा. ऑक्टोबरला रस्ता मोकळा असतो असं आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या. गर्दी नको असेल तर ऑक्टोबरच.

लीवरची_सई
काकू, तो फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच घ्यायचा असतो. बसही तशाच जातात, म्हणून समोर येत नाहीत. सत्तेचाळीस किलोमीटर आहे, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा. यात ऋतूचा दोष नाही. आणि ऑगस्ट म्हणजे तिथल्या शाळांच्या सुट्टीचा हंगाम. मे मध्ये तिथली पोरं शाळेतच असतात.

वाऱ्यावरची_काकू
यांना कोणी सांगितलं नाही ना तसं. असो.

मालवणी_खाजा
आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर, लिओ वराडकरांचं मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान असताना आले होते घरच्यांसोबत. गावात केवढी धामधूम होती!

फिरस्ता_नं_१
आता ते पंतप्रधान नाहीत. २०२४ ला पद सोडलं.

मालवणी_खाजा
म्हणून गाव बदलतं का?

चहाबाज
झालं, धागा मालवणला पोचला. पळापळ, गाडी चालवणार का ते अजून सांगितलेलं नाही.

पळापळ
नाही चालवणार. मी आणि बायको, आई, मुलगी. आईचे गुडघे दुखतात. पुण्याहून आधी लंडनला मावसभावाकडे चार दिवस, मग तिकडून. यूकेचा व्हिसा काढतोच आहोत, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न फक्त मे की दिवाळी.

अर्जफाटे
तो प्रश्न 'नाही' कसा? आयर्लंड वेगळा देश आहे. शेंगेनमध्येही (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) नाही.

फिरस्ता_नं_१
भारतीयांना यूकेच्या व्हिसावर आयर्लंड चालतं. आम्ही तसेच गेलो. उगाच घाबरवू नका.

अर्जफाटे
चालतं, पण व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) अशी नोंद असेल तरच. आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरून इमिग्रेशन पार करावं लागतं. हे लंडनला आधी जाताहेत म्हणून जमेल. नोंद नसेल तर आयर्लंडचा वेगळा अर्ज. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्यावर ती नोंद होती, तुम्ही वाचली नसेल एवढंच.

फिरस्ता_नं_१
वाचली होती.

शेवंता_७२
आम्ही फार वर्षांपूर्वी गेलो होतो. डिंगलच्या बंदरात फंगी नावाचा डॉल्फिन आहे, बोटीशी खेळायला येतो. मुलीला जरूर दाखवा. ऋतू कुठलाही असो, तो असतोच.

लीवरची_सई
शेवंताकाकू, वाईट वाटतं सांगायला. तो १९८३ पासून तिथे होता, पण २०२० च्या ऑक्टोबरपासून कोणाला दिसलेला नाही. बंदरावर त्याचा पुतळा आहे, लहान मुलं त्याच्या पाठीवर बसून फोटो काढतात.

शेवंता_७२
अरेरे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे फोटो आहे त्याचा, पाण्याबाहेर अर्धा आलेला.

पळापळ
डॉल्फिन नकोय. मुलीला पफिन बघायचाय, तो रंगीत चोचीचा समुद्रपक्षी. ती आठ वर्षांची आहे, वहीवर, दप्तरावर, सगळीकडे पफिन. सहल तिच्यासाठीच आहे. पण ते पक्षी तिथेच राहतात ना? कुठल्याही महिन्यात दिसतील.

चहाबाज
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं??

लीवरची_सई
अहो! मग विषयच संपला. पफिन एप्रिलच्या सुमारास कड्यांवर घरटी करायला येतात आणि ऑगस्ट लागता लागता भर समुद्रात निघून जातात. दिवाळीत एकही दिसणार नाही. पोरीला स्केलिगच्या, म्हणजे पफिनच्या खडकाळ बेटांच्या, दिशेला तोंड करून रिकामा खडक दाखवायचाय का? मे चं तिकीट काढा.
स्केलिग मायकेलवर उतरायच्या फेऱ्या मेच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत असतात, पण त्या पोर्टमागी गावाहून, डिंगलहून नाही. वर जायला ६१८ दगडी पायऱ्या, कठडा नाही. आईंच्या गुडघ्यांना आणि आठ वर्षांच्या मुलीला ते नको. बेटाभोवती नुसती चक्कर मारणारी बोट घ्या. डिंगलहून ब्लास्केट बेटांकडे जाणाऱ्या बोटींतूनही पफिन दिसतात.

जुनं_गलबत
ब्लास्केटचा विषय आला म्हणून. मोठ्या ब्लास्केटवर पूर्वी गाव होतं. हिवाळ्यात समुद्र खवळला की आठवडेच्या आठवडे होडी घालता यायची नाही. १९४७ मध्ये बेटावरच्यांनी तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, वादळात अडकलोय, खायला पाठवा. शेवटी १९५३ च्या नोव्हेंबरात उरलेल्या बावीस जणांना मुख्य भूमीवर आणलं. बेटावर जन्मलेल्यांनी ज्या महिन्यात ते सोडलं, त्या महिन्यात पुण्याहून आईला घेऊन होडीत बसायला जाऊ नये, एवढंच म्हणणं. बोटी तशाही साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतात. आणि मोठ्या ब्लास्केटवर नीट धक्का नाही, छोट्या रबरी होडीतून उतरून शेवाळलेल्या पायऱ्या चढायच्या. आईंना समोरच्या किनाऱ्यावर, डनक्वीन गावातल्या संग्रहालयात बसवा, काचेतून बेट समोर दिसतं.

वाऱ्यावरची_काकू
छान माहिती. पण मे मध्ये वाऱ्याचं काय? माझी छत्री स्ली हेडला एका झटक्यात कमळासारखी उलटली. पाकळ्या वर, दांडा हातात. तशीच घरी आणलीय.

लीवरची_सई
तिथे छत्री न्यायचीच नसते, काकू. टोपीचा रेनकोट.

थेपला_प्रेमी
शाकाहारी जेवण मिळतं का डिंगलमध्ये? आम्ही पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडला जाणार आहोत.

फिरस्ता_नं_१
गॉलवेला मिळतं.

चहाबाज
गाडी नाही म्हणताय म्हणून: डब्लिनहून रेल्वेने ट्रॅली, साधारण चार तास. तिथून २७५ नंबरची बस, तासाभरापेक्षा थोडं जास्त. तो भाग आयरिश बोलणाऱ्यांचा, रस्त्यावरच्या पाट्यांवर 'अन डँगिन' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तेच डिंगल. स्ली हेडला स्थानिक टॅक्सी किंवा मिनीबसची फेरी घ्या. संध्याकाळी फॉक्सी जॉन्समध्ये डोकवा. पबच आहे, पण एका बाजूच्या फळीवर खिळे, कुलुपं, रंगाचे डबे. गिनेस बिअर पिता पिता बिजागरी विकत घेता येते.

लीवरची_सई
आणि एक, जूनच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो. त्या शनिवार-रविवारी डिंगल तुडुंब भरतं. तो वीकेंड टाळा.

अर्जफाटे
व्हिसाची नोंद तपासून मगच पुढचं बुकिंग करा. तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळणार आहेत का?

पळापळ
काढलं! रात्री ११:४० ला. आधी लंडन, मग मेचा शेवटचा आठवडा ते २ जून डिंगल. सगळ्यांचे आभार, विशेषतः सईताई. मुलगी नाचतेय. फक्त एक अडचण आली, शेवटच्या तीन रात्रींसाठी डिंगलमध्ये एकही खोली दिसत नाहीये, जे आहे ते दिवसाला चारशे युरो. असं का?

चहाबाज
वर सईताईंनी लिहिलंय. दोन प्रतिसाद वर जाऊन वाचा.

पळापळ
अरे बापरे. कोणी ट्रॅलीत राहून ये-जा केलीय का? लवकर सांगा.