एच-४ ची मुदतवाढ नाकारली, आता स्टेटस काय?

मंडळी, नमस्कार.
भाची अमेरिकेत एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर. तिचा आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, फेटाळला गेला. आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या मुक्कामाच्या नोंदीची, तारीख अर्ज भरल्यानंतर उलटून गेली. जावयांचा एच-१बी मंजूर आहे. तिने तिथूनच पुन्हा अर्ज करावा, की घरी यावं? पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे, मग घाई कशाला, असंही घरात म्हणतात.
— फोंड्याहून

काका, तो व्हिसाचा शिक्का विसरा. किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं. पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावरच आय-९४ त्या तारखेपर्यंत कापून देतात, आणि शिक्क्याकडे बघत बसणारे तिथेच फसतात. शिवाय नकारानंतर राहत गेलं की तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या २२२(जी) कलमाखाली तो शिक्काही रद्द ठरतो.

अर्ज वेळेत भरला होता, म्हणून तो प्रलंबित असतानाचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र मोजणी सुरू. १८० दिवसांच्या वर राहून बाहेर पडलं तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष भरलं तर १०. अठरा वर्षांखालच्या मुलांचे दिवस मोजत नाहीत, पण स्टेटस त्यांचंही जातं. ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करत असेल तर ती थांबवावी.

आय-२९०बी, म्हणजे नकाराचा फेरविचार मागणारा अर्ज, ३० दिवसांत भरता येतो, नकार टपालाने आला असेल तर ३३. पण त्याने मोजणी थांबत नाही, आणि लोक नेमके याच भरवशावर बसून राहतात. उशिराच्या नव्या आय-५३९ ला हाताबाहेरचं, असाधारण कारण लागतं. ‘नवऱ्याच्या एच-१बीबरोबर माझंही आपोआप वाढलं असेल’ हे सहसा टिकत नाही. माझ्या मते यावं. नवा व्हिसा घेऊन परत गेलं की नवं आय-९४ मिळतं.

एक अट: फेब्रुवारी २०२५ पासून अशा नकारानंतर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस, एनटीए, निघू शकते. ती आली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नये.
— न्यू जर्सीहून

काका, इकडचं मी सांगते. गोवा मुंबईच्या वकिलातीकडे येतो. २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा, जवळजवळ बंद, एच-४ लाही मुलाखत. ठसे आणि मुलाखत सहसा वेगवेगळ्या दिवशी असतात, तेव्हा कोकणकन्येने जाऊन त्याच रात्री परत, हे धरू नका. डिसेंबर २०२५ पासून एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खातीही तपासतात, ती सार्वजनिक ठेवायची. त्यामुळे तारखा बऱ्याच लांबल्या आहेत. पण तारखेची वाट फोंड्यात बघावी, अमेरिकेत नव्हे.

नकाराच्या पत्रातलं कारण आधी नीट वाचा. लग्नाचा पुरावा अपुरा म्हणून अर्ज गेला असेल तर तोच कागद मुंबईतही अडवेल. लग्नाची नोंद गोव्यात असेल तर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून दाखल्याची प्रमाणित प्रत घ्या. देवळाची पावती आणि फोटो यांनी भागत नाही. नोंदीसाठीच्या दोन्ही वेळच्या सह्या झाल्यात ना, तेही बघा; पहिली सही करून दुसरीला न गेलेली जोडपी आहेत, त्यांची नोंद पुरी होतच नाही. दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर जोडणारा कागद बरोबर असू द्या.

जावयांचं नवं आय-७९७, म्हणजे एच-१बीच्या मंजुरीचं पत्र, आणि अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती मागवून घ्या. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात मुदतीबाहेर राहिल्याचा प्रश्न येतो, तिथे खरं तेच लिहायचं. निघण्याचा बोर्डिंग पास फेकू नका, कुठल्या तारखेला देश सोडला हे दाखवायला तो उपयोगी पडतो.
— पर्वरीहून