कानातलं नाटक, पण रस्ता कुठला?

कोल्हापुरात महाद्वार रोडवर मुलांच्या कानात हेडफोन घालून चालतं-फिरतं नाटक करायची कल्पना कुणीतरी मांडलीय. ती भारीच आहे, पण जागा बदला. तिथं संध्याकाळी मोठ्या माणसाला पाऊल ठेवायला जागा नसते, त्यात कान झाकलेली पोरं!

भवानी मंडपातून खासबाग आणि केशवराव भोसले नाट्यगृहापर्यंतचा टप्पा घ्या. अंतर थोडं, गोष्टीला मसाला भरपूर: १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान, नाट्यगृहाला लागलेली ऑगस्ट २०२४ ची आग. रेकॉर्डिंग बायनॉरल करा, म्हणजे माणसाच्या दोन्ही कानांपाशी एकेक माइक लावून. मग पैलवानाचा शड्डू बरोबर उजव्या खांद्यामागं घुमतो आणि पोरगं गर्रकन वळून बघतं. साध्या रेकॉर्डिंगात ही गंमत नाही.

हेडफोन कान उघडे ठेवणारे घ्या, गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. ठरल्या जागी पुढचा आवाज सुरू व्हायला जीपीएसवर विसंबू नका, पेठांच्या बोळांत ते भरकटतं. सोबतच्या ताईनं बटण दाबलेलं बरं. आणि आवाज इथल्याच बोलीत हवेत. पुणेरी निवेदक आणलात तर पोरं खासबागच्या आधीच हेडफोन काढून भेळेच्या गाडीकडं पळतील.