सलीम अली वटवाघूळ आपल्या बाजूच्या सह्याद्रीत आढळते का?

रानवाट (प्रश्न):
गेल्या महिन्यात तिलारीच्या परिसरातील एका गुहेत फळे खाणारी वटवाघळे लटकलेली पाहिली आणि त्यांचे छायाचित्र काढले. बरोबरच्या मित्राच्या मते ते संकटग्रस्त असलेले सलीम अली वटवाघूळ असावे. घाट सलग असल्यामुळे ते इथवर आले असेल का, आणि तसे असल्यास त्या गुहेच्या रक्षणासाठी काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

निशाचर:
शक्यता फारच कमी आहे. या जातीच्या नोंदी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील, म्हणजे तमिळनाडू आणि केरळमधील आहेत. तेथे ती सदाहरित जंगलातील गुहांमध्ये राहते. मात्र तिचा मुंबईशी संबंध जरूर आहे. तमिळनाडूतील मेघमलई डोंगररांगेतल्या चहामळ्यात काम करणारे अँगस हटन यांनी 1948 मध्ये पकडलेला नमुना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आला आणि आखूड नाकाचे साधे वटवाघूळ समजून तो तसाच पडून राहिला. पुढे किट्टी थाँगलाँग्या या थाई संशोधकाने तो तपासला, तेव्हा हे प्रकरण वेगळे असल्याचे उघड झाले, आणि 1972 मध्ये लॅटिडेन्स हा स्वतंत्र वंश निर्माण करून त्यातील या जातीला सलीम अलींचे नाव देण्यात आले. या वंशात आजही ही एकच जाती आहे. जिवंत प्राणी पुन्हा सापडायला 1993 उजाडले.

एक योगायोग कायद्याचाही आहे. त्याच 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकले होते. सलीम अली वटवाघूळ मात्र पुढे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत गेले. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली.

देवराईकर:
ओळखीबद्दल थोडे. सलीम अली वटवाघळाला शेपूट नसते, आणि आखूड नाकाच्या वटवाघळाच्या कानांना असते तशी फिकट कडही नसते. आपल्याकडे गुहांत, जुन्या विहिरींत आढळते ते बहुधा रुसेट नावाचे फळे खाणारे वटवाघूळ; त्याला आखूड शेपूट असते आणि अंधारात ते जिभेने टकटक करीत वाट शोधते. तुमच्या छायाचित्रात पायांच्या मध्ये शेपटीचे टोक दिसते का, ते एकदा पाहावे.

वेलदोडा:
मी काही वर्षे मेघमलईजवळच्या कंबमच्या बाजूला एका वेलचीच्या मळ्यात नोकरी केली, म्हणून लिहितो. तिकडचा खरा प्रश्न अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. मळ्यात सावलीसाठी राखलेली उंबरवर्गीय आणि रुद्राक्षाच्या जातीची रानझाडे हाच वटवाघळांचा दाणापाणी असतो. ती तोडून एकाच जातीची सिल्व्हर ओक लावली, की मळा दुरून हिरवाच दिसतो, पण त्यांच्या पोटाला त्यात काही उरत नाही. दम्यावर औषध म्हणून मांसासाठी होणारी शिकार हा आणखी एक धोका, आणि गुहेत शिरून ती करणे फार सोपे असते.

रानवाट:
छायाचित्र मोठे करून पाहिले. शेपूट आहे, आखूड, करंगळीच्या टोकाएवढी. म्हणजे रुसेटच.

निशाचर:
तरीही गुहेचे नेमके ठिकाण इथे लिहू नये. विजेऱ्या घेऊन जाणारे दोन गट पुरेसे होतात. पिले अंगाला चिकटलेल्या माद्या उधळल्या, तर ती खाली पडतात. वनरक्षकांना कळवावे, आणि आत जाणे टाळून संध्याकाळी तोंडापाशी बसून बाहेर पडणाऱ्यांची मोजणी करावी.