गरोदरपणात शेंगदाणे वर्ज्य करावेत का?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. यजमानांना शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यामुळे, बाळाला ती होऊ नये म्हणून मी दाण्याचे कूट बंद करावे का?

उत्तर : ताई, तुम्हाला स्वतःला ॲलर्जी नसेल तर बंद करू नका. ब्रिटनमध्ये १९९८ साली अशा कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना दिलेला शेंगदाणे टाळण्याचा सल्ला, त्याने बाळाचे रक्षण होते असा पुरावा न मिळाल्यामुळे, २००९ मध्ये मागे घेण्यात आला.

उत्तर : सहमत. बाळाला शेंगदाणा केव्हा दिला जातो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. लंडनच्या २०१५ सालच्या ‘लीप’ अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षापासून तो नियमित मिळाला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी, तो टाळलेल्या बाळांपेक्षा, सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नका, तो घशात अडकतो. आणि इसब असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.