नावाची गोष्ट: तुमच्या घरात कुणाला कोणतं नाव का पडलं?

सुरंगी:
चवथीला माटोळीची, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट काढायला परवा माळ्यावर चढले आणि मागे पत्र्याची पेटी सापडली. आत आजोबा गेल्यानंतरच्या इन्व्हेंतारची, म्हणजे मिळकतीच्या वाटणीच्या कामाची फाईल. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. वकील घरी आले होते. त्यांनी समोर तीन कागद मांडले आणि बाबांना विचारलं, "ह्या तिघी कोण?"

तिन्ही माझी आजीच. जन्माच्या नोंदीत शेवंती. लग्नाच्या नोंदीत सत्यभामा पोरोबो. रेशनकार्डावर भामाबाई प्रभू. 1867 च्या पोर्तुगीज कायद्याप्रमाणे मिळकतीत अर्धा वाटा तिचा, पण तो मांडायचा कुणाच्या नावे? आजी दारात भाजी निवडत बसली होती. कुणी तिला काही विचारलं नाही. कागद गोळा करून वकील उठले तेव्हा तीच म्हणाली, "शेवंती लिहा. ते आईनं ठेवलेलं."

पोरोबो म्हणजे प्रभूच. पोर्तुगीज दप्तरात तसं लिहीत. माझे मोठे काका शेवटपर्यंत पोरोबो राहिले, कारण त्यांचे कागद 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीचे. बाबा शाळेत मुक्तीनंतर गेले म्हणून प्रभू. सख्खे भाऊ, आडनावं दोन. बाबांना पेन्शनच्या वेळी काकांशी असलेलं नातं कागदावर सिद्ध करावं लागलं होतं.

ती फाईल मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. तुमच्याही घरात अशा गोष्टी असणारच. लिहा ना.

कुळागर:
आमचे लोटलीकर. लोटलीत आमचं कुणीच नाही. सोळाव्या शतकात देवळं पाडली जात होती तेव्हा रामनाथाला घेऊन जे लोक नदीपलीकडे अंत्रूजात आले त्यांच्यातले आम्ही. देव बांदोड्याला स्थिरावला, आम्हीही फोंड्याकडचेच झालो. आडनाव मात्र साडेचारशे वर्षं लोटलीचं.

चाळिशी ओलांडल्यावर मुलाला घेऊन पहिल्यांदा लोटलीला गेलो. चर्चसमोर गाडी लावली. एक वयस्क किरिस्तांव (ख्रिस्ती) गृहस्थ पायरीवर बसले होते, त्यांनी विचारलं कोण, कुठले. आडनाव सांगितलं. म्हणाले, "लोटलीकार? मागीर तूं हांगचोच. भितर यो, चा घे." म्हणजे मी इथलाच. त्यांच्या घरात जाऊन चहा घेतला. त्यांच्या वाडवडिलांचं जुनं आडनाव काय होतं ते त्यांना घरात ऐकून ठाऊक होतं, त्यांनी ते सांगितलंही. आमच्याच नात्यातलं निघेल असं होतं. परत येताना मुलगा गाडीत एक शब्द बोलला नाही.

मोगरी७२:
सुरंगीताई डोळ्यांत पाणी आलं. आज्जीला नमस्कार. कुकर लावलाय, नंतर लिहिते

पाटो:
आमच्याकडे शिरोडकरचं स्पेलिंग जुन्या कागदात एक्सनं सुरू होतं. श ला एक्स आणि क ला सी. पासपोर्टच्या खिडकीवर प्रत्येक वेळी समजवावं लागतं. मुंबईच्या माणसाला तर ते वाचताच येत नाही, एक्सिरोडकार म्हणतो

साळावलीकाठ:
माझं माहेर कुर्डीचं. गाव साळावली धरणात गेलं, 1980 च्या दशकात. लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. मी तेव्हा लहान होते, आठवतं ते फक्त सामान भरलेला ट्रक आणि त्यात वर बांधलेली तुळस.

आता दर मे महिन्यात पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ, वाटा, घरांचे चौथरे. सगळे जमतात, पूजा होते. प्रत्येक जण आपापल्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. माझी आई तर चूल कुठं होती ते पायानं दाखवते. पावसाळा लागला की परत सगळं पाण्याखाली.

गायिका मोगूबाई कुर्डीकर आमच्या गावच्या, जन्म 1904 चा. कुणी त्यांचं नाव घेतलं की मी लगेच सांगते, तो गाव आता नकाशात शोधू नका, आडनावात आहे.

तानपुरा:
साळावलीकाठ, अगदी मनातलं. आणि एक गोष्ट बोलायला हवी. देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंतांच्या घरात मुलींना बापाचं आडनाव मिळत नसे, मग गावानं नाव दिलं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई. ज्यांना समाज दारात उभं करत नव्हता त्यांनी त्या गावांची नावं जगभर नेली. 1977 साली व्हॉयेजर यानातून केसरबाईंचा आवाज अवकाशात गेला. म्हणजे आमची केरीसुद्धा गेली! मला याचा फार अभिमान वाटतो.
मंगेशीवरून मंगेशकर सगळ्यांना माहीत आहे. त्याच मंगेशीतले अभिषेकी मात्र कामावरून, मंगेशाला अभिषेक करणारं घराणं. जितेंद्रबुवांची एक मैफल मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकली आहे, भैरवी येईपर्यंत झोपलो नव्हतो.

पोफळ:
ती पत्र्याची पेटी म्हणालात ना, आमच्याकडे पण आहे पण कागदांना वाळवी लागलीय. काय करतात कुणी सांगेल का

सातवीचीबाई:
मी मडगावला मराठी शिकवायचे, आता निवृत्त. वर्गात अर्धी मुलं किरिस्तांव. एकदा आडनावांचा तास घेतला. आधी आपली: देसाई म्हणजे महसूल बघणारा, कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेब ठेवणारा, गावकर म्हणजे गाव वसवणाऱ्यांच्या कुळातला. मग एका मुलानं विचारलं, बाई, आमचं?

घरी जाऊन पोर्तुगीज शब्दकोश काढला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. पेरेरा म्हणजे नासपतीचं झाड. ऑलिव्हेरा ऑलिव्हचं. कार्व्हालो ओकचं. लोबो लांडगा, कुएल्यो ससा, पिंटो म्हणजे कोंबडीचं पिल्लू. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज रॉड्रिगोचा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, म्हणून एकाच वाड्यावर चार तऱ्हेची आडनावं. वर्गात नुसता कल्ला. लोबो आडनावाचा मुलगा खूश, कारण शेजारच्या बाकावर पुण्याहून बदलून आलेला लांडगे होता. दोघं गळ्यात हात घालून फिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. तिच्या आजीनं रोमी लिपीत लिहून दिलं होतं की आमचं आधीचं नाव कामत. मला ती चिठ्ठी परत द्यावीशी वाटेना, पण दिली. ती त्यांच्या घरची होती.

पाटो:
बाई नमस्कार, मी तुमच्या शाळेत नव्हतो पण असतो तर बरं झालं असतं

भाटातलीवाट:
माझ्या वडिलांचं नाव भिकू. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. हे जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं आणि मूठभर तांदूळ देऊन परत मागून घेतलं. भीक मागून आणलेला म्हणून भिकू. यमानं हे आपलं नव्हे समजून सोडून द्यावं. धोंडू, दगडू ही नावंही त्यातलीच.

मोठेपणी लोक म्हणाले बदला. 1990 चा नाव बदलायचा कायदा आल्यावर माझ्या भावानंच अर्ज आणून दिला, साहेब लोकांत बरं दिसत नाही म्हणून. वडील म्हणाले, "तीन पोरं पुरून झाल्यावर तिनं हे नाव ठेवलं. मी कोण बदलणार?" माझ्या लग्नपत्रिकेवर त्यांनी ते पूर्ण छापायला लावलं, आद्याक्षर नव्हे.

मोगरी७२:
भाटातलीवाट, काय बोलू. तुमच्या आजीला माझा दंडवत.
आता माझं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहायचं. मी आधीच सांगितलं होतं, बदलणार नाही. भटजी थांबले, सगळे माझ्या सासूकडं बघायला लागले. सासू म्हणाली, "लिही रे, हिचंच नाव लिही. पुसून परत तेच लिही, विधी झाला." बत्तीस वर्षं झाली. सासू आजही मला हाक मारते तेव्हा माझं नाव जरा जोरात घेते.

दामबाबाचीपोर:
आमच्या वास्कोत दर घरात एक दामोदर. जांबावलीचा दामबाब म्हणजे दामोदर देव आणि वास्कोचा सप्ताह, दोन्हीकडचं पुण्य. आमच्या वाड्यावर कुणी "दामू!" म्हणून हाक मारली की पाच दारं उघडतात. मग उंच दामू, पोदेरा (पाववाल्या) शेजारचा दामू, शिक्षक दामू. माझा भाऊ लहान दामू, पंचावन्न वर्षांचा आहे.

कुळागर:
@पोफळ वाळवी लागलेला भाग वेगळा करा, पेटी कडक उन्हात ठेवा, कागद मात्र सावलीत वारा लागेल असे पसरा. लॅमिनेट अजिबात करू नका, माझे दोन कागद त्यात गेले. आणि जन्म-लग्नाच्या नोंदी हव्या असतील तर पणजीच्या पुराभिलेखात चौकशी करा. 1595 पासूनचं दप्तर आहे ते, आमच्या पणजोबांची एक नोंद मला तिथंच मिळाली.

पोफळ:
देव बरें करूं. उद्याच उन्हात काढते. पाऊस नको यायला

साळावलीकाठ:
सुरंगीताई, एक विचारू? इन्व्हेंतारमध्ये शेवटी कुठलं नाव आलं?

सुरंगी:
तिन्ही. शेवंती ऊर्फ सत्यभामा ऊर्फ भामाबाई. वकिलांनी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. आजीला सही येत नव्हती, अंगठा आहे. पण शेवंती पहिलं लिहिलंय, ते मी आज नीट पाहिलं.