बॅलन्स ट्रान्सफर + टॉप-अप: फाइल महिनाभर ‘लीगल’मध्ये, काय करावं?

पिंपळेकर (प्रश्न)
पुण्यात रीसेलचा टू बीएचके आहे. त्यावर एका बँकेचं गृहकर्ज चालू आहे, बाकी साधारण २२ लाख. ती बँक टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) फार कमी देतेय, म्हणून दुसऱ्या बँकेत बॅलन्स ट्रान्सफर (चालू कर्ज तिकडे हलवणं) आणि वर २५ लाख टॉप-अप असा अर्ज टाकलाय. पैसे बांधकाम चालू असलेल्या दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी हवेत, बिल्डरचं डिमांड लेटर आलंय. महिना उलटला तरी एजंटचं एकच पालुपद: “लीगलला (बँकेच्या वकिलाकडे तपासणीला) आहे.” नेमकं कुठे अडकतं? कुणाला विचारायचं? तोवर बिल्डरला काय सांगायचं?

सर्च_रिपोर्ट
एजंटला विचारणं आधी बंद करा. त्याला स्क्रीनवर फक्त ‘पेंडिंग’ दिसतं. शाखेतल्या किंवा लोन सेंटरमधल्या बँकेच्या अधिकाऱ्याला अर्ज क्रमांक टाकून मेल करा आणि दोनच गोष्टी विचारा: कोणती क्वेरी (कागदांतली शंका किंवा त्रुटी) उघडी आहे आणि ती कोणत्या तारखेला निघाली. लेखी विचारलं की उत्तरात बहुधा कागदाचं नाव येतं.

रीसेलमध्ये दहातल्या आठ क्वेऱ्या साखळीच्या, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्या कागदांच्या असतात. बिल्डर ते पहिला मालक हा मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा), मग पुढचं प्रत्येक खरेदीखत. मधला एक कागद नसला की वकील सर्च रिपोर्टवर (मालकी आणि बोजे तपासल्याच्या अहवालावर) ‘क्लिअर’ लिहीत नाही. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि इन्डेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची लेखी हमी) लागतो. नोटिशीची मुदत संपेपर्यंत फाइल हलत नाही, त्यामुळे हे आजच सुरू करा.

दुसरी नेहमीची अडचण नावांची. करारात लग्नाआधीचं नाव, आधारवर नंतरचं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिसरंच. नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तुमच्या नावावर हस्तांतर झाल्याची नोंद आणि सही-शिक्का आहे का, तेही बघा. कित्येकांचं सर्टिफिकेट अजून आधीच्या मालकाच्याच नावावर पडून असतं. सोसायटीची एनओसी बँकेच्या नमुन्यातच घ्या. सेक्रेटरीने स्वतःच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या तर ती परत येणार.

आणि सरसाई, म्हणजे कर्जापोटी गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी. आधीच्या मालकाने कर्ज फेडलं, पण त्याच्या बँकेने तिथला बोजा उतरवलाच नाही, असं सर्रास होतं. तुमच्या फ्लॅटवर दोन बोजे दिसले की नवीन बँक तिथेच थांबते. फी भरून कुणालाही सरसाईवर शोध घेता येतो. जुनी नोंद सापडली तर ती ज्या बँकेची आहे, तिच्याकडे नो ड्यूज पत्राची प्रत जोडून ‘सॅटिस्फॅक्शन’ (कर्ज फिटल्याची नोंद) टाकायला सांगा. हे काम वकील करू शकत नाही, त्या बँकेलाच करावं लागतं.

क्रेडिट_डेस्क
लीगल हे कधी कधी निमित्त असतं, खरी गाडी आकड्यावर अडते. व्हॅल्युएशन (बँकेने ठरवलेली घराची किंमत) किती आलं ते विचारा. समजा ७० लाख आलं आणि या बँकेची टॉप-अपसह मर्यादा ६५ टक्के आहे (प्रत्येक बँकेची वेगळी). म्हणजे एकूण ४५.५ लाख. त्यातून २२ वजा केले की २३.५ उरतात. तुम्ही मागितले २५. या दीड लाखासाठी फाइल ‘डेव्हिएशन’ (नियमाला अपवाद) म्हणून वरच्या मंजुरीला जाते आणि तिथे आठवडे जातात. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल तर व्हॅल्युअर मंजूर नकाशापलीकडचं क्षेत्र धरत नाही, तिथेही आकडा घसरतो.

दुसरी चाचणी उत्पन्नाची. २५ लाख, साडेनऊ टक्के, १५ वर्षं म्हणजे हप्ता साधारण २६,१००. जुन्या कर्जाचा २१,००० धरला तर ४७,१००. हातात येणाऱ्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंतच हप्ते असा नियम असेल तर पगार ९४,२०० हवा.

वाट बघताना जुन्या कर्जाचा हप्ता अजिबात चुकवू नका. ‘आता ट्रान्सफरच होणार आहे’ म्हणून खात्यात पैसे न ठेवणारे लोक असतात. एक बाऊन्स आणि सिबिल पुन्हा काढल्यावर सगळं मुसळ केरात. घाईघाईने आणखी तीन बँकांत अर्जही टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. महिना उलटलाय म्हणजे पगाराची नवी स्लिप आणि ताजं बँक स्टेटमेंट मागतीलच, मागण्याआधी पाठवा.

पिंपळेकर
विचारलं. व्हॅल्युएशन ६९ लाख. शेअर सर्टिफिकेट आधीच्या मालकाच्या नावावरच आहे, ही क्वेरी निघाली. सँक्शन झालं की लगेच टॉप-अपचे पैसे मिळतात ना?

सर्च_रिपोर्ट
नाही, आणि तुमच्या बाबतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नवीन बँक जुन्या बँकेकडून कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र) मागते, त्यावर आधी फक्त २२ लाखांचा चेक निघतो. टॉप-अप बहुतेक ठिकाणी मूळ कागद नवीन बँकेच्या हातात पडल्यावरच सुटतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. उशिराला बँकेची चूक असेल तर रोज ५,००० रुपये भरपाई. पण ते ३० दिवस तुमच्या हिशेबात धरलेच पाहिजेत.

फोरक्लोजर लेटरवरची तारीखही बघा. २२ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी रोज सुमारे ५१२ रुपये व्याज चढतं. चेक त्या तारखेनंतर गेला तर रक्कम कमी पडते, खातं बंद होत नाही आणि ३० दिवसांची मोजणीही सुरू होत नाही. त्यामुळे आठवडाभराचं व्याज जास्त धरून पत्र घ्या.

क्रेडिट_डेस्क
६९ चे ६५ टक्के ४४.८५ लाख, म्हणजे टॉप-अप २२.८५. त्यांची मर्यादा ६५ च आहे का ते विचारून घ्या. असेल तर मागणी २२.५ वर आणल्याचा मेल आजच टाका, डेव्हिएशन गळेल.

बिल्डरला तोंडी काही सांगू नका. सँक्शन लेटर हातात येताच त्याची प्रत जोडून मुदत लेखी मागा. महारेराच्या नियमांत उशिराचं व्याज स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) अधिक २ टक्के आहे, त्याहून जास्त मागितलं तर तसं दाखवून द्या. आणि बाकीच्या हप्त्यांसाठी नव्या फ्लॅटवरच गृहकर्ज का घेत नाही? प्रकल्प बँकेने आधीच मंजूर केलेला असेल तर तिथे साखळी तपासायचा प्रश्नच येत नाही. टॉप-अप फक्त स्वतःच्या वाट्याच्या रकमेपुरता ठेवा.

वसईचा_बाबू
केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर आणखी एक वाट आहे. घरबांधणी अग्रिम (सरकारकडून कर्मचाऱ्याला घरासाठी मिळणारं कर्ज) मूळ पगाराच्या ३४ पट, कमाल २५ लाख. ते घर सरकारकडे गहाण असतं, पण उरलेल्या किमतीसाठी बँकेला त्याच घरावर दुसरा बोजा ठेवता येतो. कार्यालयाची ना हरकत अग्रिमाच्या मंजुरीबरोबरच मागून घ्या. नंतर वेगळी मागितली की फाइल परत पहिल्या टेबलापासून.