प्रति: खर्चमर्यादेचं सूत्र
सरकारी खर्चाची मर्यादा ‘महागाई अधिक लोकसंख्यावाढ’ या दराला बांधली की प्रश्न मिटला, असं वर म्हटलंय. दर ठीक आहे हो, पण तो लावायचा कशावर? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अशी मर्यादा घालणाऱ्या १९९२ च्या घटनादुरुस्तीत खरी मेख इथेच होती. समजा मर्यादा १००, मंदीत महसूल ८८ वर आला आणि दर ४ टक्के. पुढची मर्यादा ८८ वरून मोजायची, म्हणजे ९१.५२. महसूल सावरून १०० झाला तरी वरचे ८.४८ करदात्यांना परत करा, नाहीतर मतदारांची मंजुरी घ्या. राज्य सरकारपुरता हा फास २००५ च्या सार्वमताने सुटला. म्हणून नियमाच्या मसुद्यात ‘मागील वर्षाची मर्यादा’ असंच लिहा; ‘मागील वर्षाचा खर्च’ लिहिलंत तर आकडा टिकवायला वर्षअखेरीला वाट्टेल ती खरेदी होते.